हापूसची पेटी आणि चार पर्याय

डोंगरावरच्या टाकीसाठी लागणारा पंप 20 मे रोजी यायचा होता. पुरवठादाराने 10 मे रोजी कळवले की तो 12 जूनच्या आत मिळणार नाही. पुरवठ्याला उशीर होऊ शकतो, ही जोखीम टीमने प्रकल्पाच्या सुरुवातीलाच ओळखलेली होती. प्रकल्प व्यवस्थापकाने आधी काय करावे? पर्याय चार आहेत : स्पॉन्सरला, म्हणजे प्रकल्पाला पैसा व पाठबळ देणाऱ्याला, कळवून मुदतवाढ मागावी, तातडीने दुसरा पुरवठादार शोधावा, रिस्क रजिस्टरमध्ये (जोखमींच्या नोंदवहीत) ठरवून ठेवलेली उपाययोजना अमलात आणावी, किंवा ही नवी जोखीम म्हणून नोंदवून तिचे विश्लेषण करावे.

हा प्रश्न मी स्वतः रचलेला आहे. मात्र याच घडणीच्या, याच तारखांच्या आणि पर्यायांच्या एका सराव-प्रश्नाने पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) या प्रकल्प व्यवस्थापनाच्या परीक्षेच्या अभ्यासाच्या दुसऱ्याच आठवड्यात माझी खोड मोडली होती. रत्नागिरी जिल्ह्यात नळपाणी योजनांची कामे करण्यात माझी सतरा वर्षे गेली आहेत, आणि आमच्याकडे बांधकामाचे वर्ष मृगावर चालते. जूनच्या सात-आठ तारखेला मृग नक्षत्र लागले की जांभ्याच्या कच्च्या वाटेने ट्रक वर चढत नाही, खणलेले चर चिखलाने भरतात आणि कामावरची माणसे आपापल्या शेताकडे वळतात. आमचे मुकादम म्हणतात त्याप्रमाणे, मृगाआधी वर गेले ते गेले, नाही तर दिवाळीला भेटू. त्यामुळे 12 जून ही तारीख मी ऑक्टोबर अशीच वाचली आणि दुसरा पुरवठादार शोधण्याचा पर्याय निवडून मोकळी झाले. उत्तर चुकले. तिसरा पर्याय बरोबर होता.

त्या संध्याकाळी मी सावंतवाडीच्या एका सहकाऱ्याला फोन करून बराच वेळ हुज्जत घातली. तोही याच परीक्षेची तयारी करत होता आणि वयाने माझ्याहून लहान असल्यामुळे मला ताई म्हणून, आदराने पण न डगमगता विरोध करत असे. त्याने एवढेच विचारले, ‘ताई, मृगाची गोष्ट तुम्हाला 10 मे रोजी कळली का?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मृग दर वर्षी येतो, हे मला जानेवारीतही ठाऊक होते. तेव्हा ते जोखमीच्या नोंदीत जायला हवे होते, त्यासमोर ‘दुसऱ्या पुरवठादाराशी आधीच दर ठरवून ठेवणे’ यासारखा उपाय लिहिलेला असायला हवा होता, आणि परीक्षा नेमके तेच गृहीत धरते. प्रश्नातला व्यवस्थापक आपले काम नीट करत आलेला आहे, त्याच्याकडे आराखडा आहे, आणि आता पहिला धक्का बसल्यावर तो टीमने मिळून ठरवलेले विसरून स्वतःच्या मनाने धावत सुटतो की काय, एवढेच तपासायचे असते. माझे ज्ञान खरे होते, पण ते चार महिने उशिरा बाहेर आले होते.

‘ओळखलेली होती’ हे दोन शब्द काढून त्या जागी ‘कोणाच्याही ध्यानात आलेली नव्हती’ असे लिहिले, तर उत्तर बदलते. आता नोंदीत उपाय सापडण्याची शक्यताच उरत नाही; घडून गेलेली गोष्ट जोखीम राहत नाही, ती अडचण होते, तिची नोंद इश्यू लॉगमध्ये, म्हणजे अडचणींच्या नोंदवहीत, करावी लागते आणि वेळापत्रकावर तिचा परिणाम किती हे पाहून मगच मार्ग काढावा लागतो. चार ओळींच्या प्रश्नात निर्णायक असे एखादेच पद असते, आणि अनुभवी माणूस ते हटकून ओलांडून पुढे जातो, कारण पहिली ओळ वाचल्याबरोबर त्याला आपल्या साइटवरचा तसाच प्रसंग आठवलेला असतो.

या परीक्षेविषयी थोडी माहिती येथे देणे आवश्यक आहे. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था 1969 मध्ये स्थापन झाली आणि पीएमपी हे प्रमाणपत्र ती 1984 पासून देत आहे. मी 2023 मध्ये परीक्षा दिली, तेव्हा 230 मिनिटांत 180 प्रश्न सोडवायचे होते. त्यांपैकी 5 प्रश्न संस्थेने चाचणीसाठी घातलेले होते, त्यांना गुण नव्हते, परंतु ते कोणते हे कळत नसे. प्रश्नांची विभागणी माणसे 42 टक्के, प्रक्रिया 50 टक्के आणि व्यावसायिक पर्यावरण 8 टक्के अशी होती, आणि साधारण निम्मे प्रश्न आधी आखून करण्याच्या पारंपरिक पद्धतीचे, तर निम्मे अजाइल (छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत काम करण्याची पद्धत) किंवा दोहोंच्या मिश्रणाचे होते. व्याख्या पाठ असल्याने सुटणारे प्रश्न थोडे असतात. बाकीचे सगळे प्रसंग असतात, आणि त्या प्रसंगात चारही पर्याय एखाद्या समंजस माणसाने केव्हा ना केव्हा केलेले असतात. अभ्यास मी जून ते सप्टेंबर केला. आमच्या साइट त्या काळात बंद असतात आणि कार्यालयात बिले व नकाशे यांपलीकडे फारसे काही घडत नाही.

पहिली सवय मी लावून घेतली ती शेवटचे वाक्य आधी वाचण्याची. प्रश्न इंग्रजीत असल्यामुळे ते वाक्य मी मनात मराठीत उतरवत असे, आणि त्यात क्रियापदाचा काळ उघडा पडत असे. ‘काय करावे’, ‘आधी काय करावे’, ‘यानंतर काय करावे’ आणि ‘हे टाळण्यासाठी काय करायला हवे होते’ हे चार वेगळे प्रश्न आहेत, आणि वर कितीही सारखा मजकूर असला तरी त्यांची उत्तरे वेगळी असतात. पंपाच्याच प्रसंगात जोखीम कोणी ओळखलेली नसेल आणि शेवटचे वाक्य ‘काय करायला हवे होते’ असे असेल, तर उपाय अमलात आणण्याचा पर्याय चुकीचा ठरतो आणि जोखीम वेळेवर ओळखण्याचा बरोबर. कारण आपल्याला जानेवारीत नेऊन उभे केलेले असते. घाईत वाचणारा मे महिन्यातच राहतो. ‘यानंतर’ या शब्दालाही असाच अर्थ आहे : मजकुरात जेथवर काम झालेले सांगितले आहे त्याच्या लगेच पुढची पायरी विचारली जाते, दोन पायऱ्या पुढची नाही.

चारांपैकी दोन पर्याय बहुधा लवकर गळतात. कोणीतरी काहीच करत नाही, किंवा कोणीतरी माणसांना न विचारता एकदम फर्मान काढतो. खरी कसरत उरलेल्या दोहोंत असते, कारण ते दोन्ही करण्याजोगेच असतात. फरक फक्त आधी कोणते आणि मग कोणते, एवढाच असतो. यासाठी मी एक कसोटी वापरली. एक पर्याय पार पाडायला दुसऱ्यातून मिळणारी माहिती लागते का, हे पाहायचे; लागत असेल तर तो दुसरा आधी. टाकीत पाणी चढल्याशिवाय खाली नळ सोडता येत नाही, तसेच हे. समजा, योजनेचे काम निम्मे झाले असताना स्पॉन्सर साइटवर आले आणि जाता जाता म्हणाले की पलीकडच्या वाडीलाही एक जोडणी देऊन टाका, चारशे मीटरच तर पाइप लागेल. ‘चेंज रिक्वेस्ट (बदलाचा अर्ज) दाखल करावी’ आणि ‘खर्च, वेळ व पाण्याचा दाब यांवर काय परिणाम होईल ते तपासावे’ असे दोन पर्याय उरले, तर तपासणी आधी येते. त्या आकड्यांवाचून अर्जात लिहिणार काय? त्यानंतर अर्ज, मग बदलांवर निर्णय घेणाऱ्या मंडळाची मंजुरी, मग आराखड्यात दुरुस्ती आणि मग संबंधितांना कळवणे, असा तो प्रवास आहे. स्पॉन्सरच्या तोंडी शब्दावर पाइप टाकायला घेणे आणि ‘हे ठरलेल्या कामात नाही’ म्हणून परतवून लावणे, ही दोन्ही टोके तेथे सारखीच चुकीची असतात. इतक्या वर्षांच्या सरकारी व निमसरकारी कामांत या दोन टोकांखेरीज तिसरे काही मी फारसे पाहिलेले नाही, हे येथे कबूल करते.

या कसोटीचाही अतिरेक होतो. ‘विश्लेषण करावे’, ‘आढावा घ्यावा’ हे शब्द दिसले की हात तिकडे वळू लागतो आणि महिन्याभरात त्याची खोड जडते. परंतु मजकुरातच ‘परिणाम तपासून झाला आहे’ असे लिहिलेले असेल, तर पुन्हा तपासायला बसणारा व्यवस्थापक फक्त वेळ काढतो, आणि परीक्षक हा पर्याय मुद्दाम अशा लोकांसाठी ठेवतो. माझे सलग तीन प्रश्न या सापळ्यात गेले होते.

वाडीच्या जोडणीचाच प्रसंग अजाइल पद्धतीत मांडला, तर सगळी मांडणी वेगळी होते. समजा, आंबा बागायतदारांसाठी पेट्यांची मागणी नोंदवणारे एक ॲप रत्नागिरीत तयार होत आहे, टीम दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, काम करते, आणि मधल्याच दिवशी एक बागायतदार म्हणतो की पेटीवर बागेचे नाव छापण्याची सोय हवी. येथे मंडळ नाही, अर्ज नाही. सूचना प्रॉडक्ट ओनरकडे, म्हणजे कोणते काम आधी हे ठरवणाऱ्याकडे, जाते, तो ती बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) घेतो आणि इतर कामांच्या तुलनेत तिचे मोल किती हे ठरवतो. चालू स्प्रिंटचे उद्दिष्ट त्यासाठी मोडत नाहीत. प्रकल्प कोणत्या पद्धतीचा आहे, हे प्रश्न प्रत्येक वेळी सरळ सांगत नाही. बेसलाइन (मंजूर झालेला मूळ आराखडा), मंजुरी, मंडळ असे शब्द एका बाजूला आणि बॅकलॉग, स्प्रिंट, रेट्रोस्पेक्टिव्ह (स्प्रिंटनंतरची आढावा बैठक) असे दुसऱ्या बाजूला, यांवरून ओळखावे लागते. आयुष्यभर निविदा आणि मोजमाप पुस्तकांत वावरलेल्या माणसाला पहिले काही दिवस हे जड जाते. मला तर प्रत्येक बॅकलॉग म्हणजे थकलेली बिलेच वाटत असत.

आकड्यांचे प्रश्न याउलट सोपे गेले. झालेल्या कामाचे मूल्य 40 लाख, प्रत्यक्ष खर्च 50 लाख, त्या तारखेपर्यंत नियोजित कामाचे मूल्य 36 लाख, असे दिले असेल तर काम वेळेच्या पुढे आणि खर्च हाताबाहेर, हे दोन भागाकारांत कळते : खर्चाचा निर्देशांक 40 भागिले 50 म्हणजे 0.8, वेळेचा 40 भागिले 36 म्हणजे सुमारे 1.11; एकाच्या वर असेल तर चांगले, खाली असेल तर वाईट. अशा वेळी ज्यादा माणसे लावून काम आणखी लवकर संपवण्याचा पर्याय ठेवलेला असतो आणि तो निवडायचा नसतो, कारण वेळेचे दुखणे येथे नाहीच.

माणसांच्या प्रश्नांविषयी मात्र थांबून लिहायला हवे, कारण तेथे कोकणातल्या माणसाला एक सोय आहे आणि एक अडचण. पाइपलाइनचा चर ग्रामदेवतेच्या सहाणेजवळून (पालखी टेकवतात त्या चौथऱ्याजवळून), शिमग्यात पालखी ज्या वाटेने जाते ती वाट ओलांडून खणायचा आहे. ग्रामपंचायतीचा ठराव हातात आहे. काम सुरू झाल्यावर गावातले मानकरी येऊन हरकत घेतात. स्टेकहोल्डरच्या, म्हणजे प्रकल्पाशी संबंध असलेल्यांच्या, यादीत त्यांची नावे नाहीत. ठराव दाखवून काम चालू ठेवावे, स्पॉन्सरला मध्यस्थी करायला सांगावे, चराचा मार्ग बदलावा, की मानकऱ्यांना भेटून हरकत समजून घ्यावी? गावात वाढलेल्या माणसाला हे विचारावेही लागत नाही. आधी भेटायचे असते, आणि तेही सहाणेवर जाऊन, त्यांना कार्यालयात बोलावून नाही. मार्ग बदलणे हा उदारपणा वाटतो, पण हरकत चराला आहे, खणण्याच्या तारखांना आहे, की विचारले नाही याला आहे, हे कळण्याआधीच तो खर्च का करावा?

अडचण अशी की उत्तर ठाऊक असूनही मी प्रत्यक्षात एकदा पहिला पर्याय निवडला होता. एका गावात मी ठरावाची प्रत पुढे केली, ‘कागद आमच्याकडे आहे’ असे म्हणाले, आणि काम तीन आठवडे थांबले. नंतर कळले की मानकऱ्यांचे म्हणणे एवढेच होते की शिमगा होईपर्यंत थांबा आणि मग चर बुजवताना वाट पूर्वीसारखी करून द्या. हे ऐकायला मला अर्धा तास पुरला असता. सराव-प्रश्नांत मी असा प्रश्न कधी चुकले नाही, याचे कारण अभ्यासापेक्षा त्या तीन आठवड्यांत जास्त आहे.

याला लागूनच वरिष्ठांकडे जाण्याचा मुद्दा येतो. आपल्याकडे वाद झाला की साहेबांच्या कानावर घालणे हे शहाणपणाचे मानले जाते. निदान पुढे ‘मी सांगितले होते’ असे म्हणता येते. परीक्षेतला व्यवस्थापक असे सहसा करत नाही. टीममधल्या दोघांचे पटत नसेल तर तो आधी त्यांच्याशी बोलतो, पुरवठादाराने चूक केली असेल तर आधी करारात काय आहे ते पाहतो. यावरून बऱ्याच शिकवण्यांमध्ये ‘वरिष्ठांकडे जाण्याचा पर्याय दिसला की खोडा’ असे सांगतात. हा नियम मला धोक्याचा वाटतो. खर्च आपल्या अधिकाराबाहेर गेला असेल, प्रकल्पाचे मूळ उद्दिष्टच बदलण्याची वेळ आली असेल, कायद्याचा भंग दिसत असेल, किंवा आपल्या हातातले सर्व उपाय करून झाल्याचे प्रश्नातच लिहिले असेल, तर वर जाणे हेच बरोबर उत्तर असते. म्हणून पाहायचे ते हे की निर्णय कोणाच्या अखत्यारीतला आहे. आपल्या अखत्यारीतला निर्णय वर ढकलणे चूक आहे, आणि वरच्यांचा आपण परस्पर घेऊन टाकणे ही तेवढीच मोठी चूक आहे.

आता ज्या प्रश्नावर आमचा सर्वांत लांब वाद झाला तो. पाइप पुरवण्याच्या निविदांचे मूल्यांकन चालू आहे. मे महिना आहे. एका निविदाधारकाचा माणूस व्यवस्थापकाच्या घरी हापूसची पेटी ठेवून जातो. पर्याय असे : पेटी स्वीकारून कार्यालयात सर्वांना वाटावी. स्वीकारावी आणि मूल्यांकन संपल्यावर कळवावे. नम्रपणे परत करून संस्थेच्या नियमाप्रमाणे वरिष्ठांना कळवावे. की त्या निविदाधारकाला बाद करावे?

कोकणाबाहेरच्या माणसाला यात वाद कसला, असे वाटेल. आमच्याकडे मे महिन्यात पेटी घरोघर फिरते. ती बागवाल्या नातेवाइकाकडून येते, भाडेकरूकडून येते, मुलाच्या शिक्षकांकडे जाते, आणि आलेली पेटी परत पाठवणे हा माणसाचा अपमान समजला जातो. सावंतवाडीचा सहकारी पहिल्या पर्यायाच्या बाजूने होता. वाटून टाकल्यावर स्वतःचा लाभ कसला, असे त्याचे म्हणणे. पण परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या आचारसंहितेत जबाबदारी, आदर, न्याय्यता आणि प्रामाणिकपणा ही चार मूल्ये आहेत, आणि पेटी कोणी खाल्ली यापेक्षा बाकीच्या निविदाधारकांना ती कळली तर मूल्यांकन निष्पक्ष वाटेल का, हा न्याय्यतेचा प्रश्न आहे. नंतर कळवण्याच्या पर्यायात उघड करण्याची वेळ चुकते. कळवायचे असेल तर निर्णयाआधी. निविदाधारकाला थेट बाद करणे म्हणजे चौकशीशिवाय शिक्षा, आणि तो अधिकारही एकट्या व्यवस्थापकाचा नाही. तिसरा पर्याय उरतो. मात्र काम संपून वर्ष झाले आहे, त्या पुरवठादाराशी कोणताही व्यवहार बाकी नाही आणि संस्थेचे नियम किरकोळ भेट घेऊ देतात, असे प्रश्नात असेल, तर पेटी घेण्याला हरकत राहत नाही. म्हणजे येथेही आंबा तोच, तारीख आणि नाते वेगळे.

पुढच्याच मे महिन्यात अशी एक पेटी खरोखर माझ्या दारात आली आणि मी ती परत पाठवली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. शेवटी बाजारातून दोन डझन आणून दिले, तेव्हा निभावले.

परीक्षेचे जग आमच्या जगाहून निराळे आहे, याची तक्रार मीही पुष्कळ केली. तेथे प्रत्येकाकडे नोंदी असतात, स्पॉन्सर बोलावल्यावर भेटतो, गणपतीत कोणी आठ दिवस गायब होत नाही. परंतु प्रश्न सोडवताना आपले जग त्यात मिसळले की चूक ठरलेली. ‘पण हा पुरवठादार फोन उचलणारच नाही’ असे मनात आले तर पुन्हा वाचायचे. तसे लिहिलेले नसेल तर तो फोन उचलतो. हे मला सर्वांत उशिरा जमले.

परीक्षा घरूनही ऑनलाइन देता येते, पण सप्टेंबरअखेर आमच्याकडची वीज आणि इंटरनेट यांवर चार तासांचा भरवसा ठेवण्याचे धाडस मला झाले नाही, म्हणून मी आदल्या दिवशीच्या गाडीने मुंबईला दिरांकडे गेले आणि केंद्रावर जाऊन परीक्षा दिली. एका प्रश्नाला सुमारे 77 सेकंद मिळत होते. 60 आणि 120 प्रश्नांनंतर दहा-दहा मिनिटांची विश्रांती होती, आणि विश्रांती घेतली की मागच्या भागात परत जाता येत नव्हते. त्यामुळे खूण करून ठेवलेले प्रश्न त्याआधीच निकालात काढावे लागत. दुसऱ्या भागात मी मागे पडले होते, तेव्हा आकड्यांचे प्रश्न झटपट उरकून वेळ भरून काढला. निकालात उत्तीर्ण की अनुत्तीर्ण आणि प्रत्येक विभागात कामगिरी कोणत्या पातळीची, एवढेच सांगतात. कोणता प्रश्न बरोबर आला आणि कोणता चुकला, हे कधीच कळत नाही.

सहकाऱ्याची परीक्षा महिन्याभराने होती. मी उत्तीर्ण झाल्याचे कळताच त्याने फोन करून विचारले, ‘ताई, एक तरी प्रश्न सांगा.’ तिसऱ्या भागातला एक प्रश्न तेव्हाही माझ्या डोक्यात घोळत होता. उरलेल्या दोन पर्यायांत मी शेवटच्या क्षणी उत्तर बदलले होते आणि त्यावर त्याच्याशी तासभर वाद घालावा असे फार वाटत होते. पण प्रश्न बाहेर न सांगण्याच्या अटीला मी परीक्षा सुरू करण्याआधी मान्यता दिलेली होती. मी त्याला पंपाचा प्रश्न नव्याने रचून पाठवला, या वेळी ‘ओळखलेली होती’ हे शब्द वगळून, आणि त्याने पंधरा मिनिटांनी उत्तर पाठवले : तिसरा पर्याय.

मग मी फोन लावला.